दगडावर चढणारी गाडी

आत्याला राग यायला फार मोठं कारण लागत नाही, असं तिचा धाकटा भाऊ साऱ्या नातेवाइकांत सांगत फिरायचा. पण या वेळी कारण होतं आणि चांगलं हातभर लांब होतं.

झालं होतं असं. गेल्या वर्षी ठकीच्या, म्हणजे या भावाच्या मुलीच्या, चौथ्या वाढदिवसाला आत्याने रिमोटवर चालणारा पिवळा डंपर आणला होता. तीन-चार महिन्यांनी ती एका रविवारी सहज त्यांच्याकडे गेली, तर काय बघते? भाऊ बाहेरच्या खोलीत फरशीवर पालथा पडलेला, हातात रिमोट, आणि डंपर सोफ्याखाली गेला की ठकी रांगत जाऊन तो ओढून काढतेय. पोरीच्या कोपरांना धूळ लागलेली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, आणि याला दाढीही आलेली.

"अरे, तिला दे की!" आत्या म्हणाली.

"तिला नाही गं येत, ताई. बटणापर्यंत बोटच पोहोचत नाही तिचं."

आत्याने रिमोट हिसकावून घेतला, ठकीच्या हातात दिला, बोट लावून पाहिलं. खरंच पोहोचत नव्हतं. "मग मला सांगायचं नाही? बदलून आणला असता ना!"

"राहू दे गं. मी चालवतो की."

मी चालवतो की! सांगा आता, काय म्हणावं या माणसाला? हा चष्म्याच्या दुकानात बसून लोकांचे नंबर काढतो, कुणाला लांबचं दिसत नाही, कुणाला जवळचं दिसत नाही ते बरोबर ओळखतो, आणि पोटची पोर समोर रांगतेय ते याला दिसू नये! आत्या त्या दिवशी चहा न घेता निघाली. हे ती पुढे कित्येक महिने सर्वांना सांगत होती.

आता ठकीला पाच वर्षं पूर्ण होणार होती. बागेत तिने कुणाची तरी दगडावर चढणारी गाडी पाहिली होती, तेव्हापासून दुसरा विषय नव्हता. "आत्या, ती पळत नाही. ती हळूहळू जाते. एक चाक वर टाकते, मग दुसरं टाकते, मग मागचं येतं." फोनवर हे ऐकताना आत्याला पोरीचं भारी कौतुक वाटलं. वेगाचं वेड नसलेलं माणूस तिला आवडायचं. ती स्वतः टॉवर क्रेन चालवायची. वीस मजले उंच काचेच्या खोलीत बसायचं, दोन हातांत दोन दांडे, आणि खालून सळ्यांचा गठ्ठा उचलून जिथे हवा तिथे अलगद ठेवायचा. बांधकामावर सगळे तिला 'वरच्या बाई' म्हणत. तिथे घाई केली की खाली कुणाच्या तरी घरी रडारड.

"गाडी मी बघून ठेवलीय," भाऊ फोनवर म्हणाला. "तू फक्त ये. ठकीला आणायचं नाही हं, तिला गंमत म्हणून द्यायची."

"चप्पल घेताना पाय नेतोस ना दुकानात?"

"म्हणजे?"

"मग हात का नाही न्यायचा? ठकीला घेऊन ये. मुकाट्याने."

दुकान एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं. भिंतीवर छतापर्यंत खोकी, काउंटरवर सुटी चाकं आणि मोटारी, आणि मधोमध गुडघाभर उंचीचा एक मोठा ओटा. ओट्यावर खरेखुरे दगड रचलेले, मध्ये फळीचा पूल, एका कोपऱ्यात वाळूचा ढीग. दुकानदार तिशीतला, खिशाला पेनांच्या जागी तीन स्क्रूड्रायव्हर लावलेला. ठकीने ओटा पाहिला आणि ती आपली बापाचं बोट सोडून दगडांपाशी जाऊन उभी राहिली.

"या सर," दुकानदार भावाला म्हणाला. "तुमची काढूनच ठेवलीय."

"गाडी मी घेतेय," आत्या म्हणाली.

"हो हो, मॅडम. तर सर, ही बघा."

इथे पहिली ठिणगी पडली. पण आत्याने दात आवळले, कारण पोर सोबत होती.

गाडी होती मात्र झकास. मांजराएवढी मोठी, चाकांचे आस लोखंडाचे, पुढे खरे लागणारे दिवे, आणि नाकावर दोर गुंडाळायचं चाक. भावाचे डोळे लहान मुलासारखे चमकले. अहो, लहान मुलासारखे कसले, तिथे एक लहान मूल उभंच होतं आणि त्याचे डोळे अजून चमकायचे होते! आत्याने खोकं उलटंपालटं करून वाचलं. "यावर लिहिलंय, चौदा वर्षांच्या पुढे."

"ते लिहायचं म्हणून लिहितात गं."

"औषधाच्या बाटलीवरचंही लिहायचं म्हणून लिहितात का?"

"सर बरोबर असले की काही प्रश्न नाही," दुकानदार मध्ये पडला. "बॅटरी जरा जोरदार आहे. चार्जिंगला लावून लहान मुलापाशी सोडायची नाही, एवढंच."

एवढंच म्हणे! आत्याने रिमोट उचलला. पिस्तुलाच्या घाटाचा, चांगला जड. तो ठकीच्या हातात दिला तर तिला तो नुसता धरायलाच दोन्ही हात लागले. "बघ," आत्या भावाला म्हणाली, "धरायला दोन हात गेले. आता दाबायला तिसरा आणून देणार आहेस का पोरीला?"

"मोठी होईल की ती."

"तोवर?"

तोवर काय ते सगळ्यांनाच माहीत होतं. भावाने मान वळवून दिव्यांची चौकशी सुरू केली.

मग आत्याने फळीवरची एक गाडी स्वतःच खाली काढली. वीतभर लांब, साधी, हिरवी. रिमोट साबणाच्या वडीएवढा, दोन अंगठ्यांनी चालणारा. तिने ठकीचे अंगठे त्यावर टेकवून पाहिले. बरोबर बसले. "ही घ्यायची."

"मॅडम, ती फारच साधी," दुकानदार म्हणाला. "मोठ्या दगडावर चढत नाही. आठ दिवसांत कंटाळतात मुलं."

"चढत नाही?" आत्याने ठकीच्या हातातून रिमोट घेतला. "बघू या ना, कशी चढत नाही ते."

"मॅडम, दांडी हळू दाबायची हं. एकदम जोरात नाही. सर दाखवतील तुम्हाला."

झालं! आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सर दाखवतील? अहो, मी रोज दोन-दोन टन लोखंड माणसांच्या डोक्यावरून नेते. पंधरा वर्षं झाली, कुणाच्या टोपीला धक्का लागला नाही. आणि या सरांना घरातल्या घरात डंपर सोफ्याखाली घालायची खोड आहे!"

"अगं ताई, उंटावरून शेळ्या हाकणं हे तुझं कामच आहे," भाऊ म्हणाला आणि हसला.

हसला! मग आत्या थांबते होय? तिने गाडी दगडांपाशी नेली. पुढचं डावं चाक टेकवलं, थांबली, उजवं टेकवलं, जरा मागे घेतलं, तिरकी केली, आणि गाडी सगळ्यात मोठ्या दगडाच्या माथ्यावर जाऊन उभी राहिली. भाऊ म्हणाला, "नशिबाने चढली. परत कर बघू." तिने परत केलं. मग त्याने आपली मोठी गाडी उतरवली, त्याच दगडावर घातली आणि उताणी पाडली. आत्याला काय आनंद झाला म्हणून सांगू! "जाड टायर आहेत ना तुझ्या गाडीला? दिवे आहेत ना? लाव दिवे, म्हणजे पडलेली नीट दिसेल." तो पेटला. पूल झाला, वाळू झाली, उलटं उतरणं झालं. दुकानदारही ओट्याला टेकून "सर, डावीकडून, मॅडम, थोडं मागे" करायला लागला. दुसरं गिऱ्हाईक आलं आणि वाट पाहून गेलं.

ठकी ओट्याच्या पलीकडे उभी होती. गाडी पडली की ती सरळ करायची. दगड घसरला की उचलून जागेवर ठेवायची. तिची तक्रार नव्हती, रड नव्हती.

अर्ध्या तासाने भाऊ घामेजून थांबला आणि आत्याला जिंकल्यासारखं वाटलं. "आता भांडण नको," ती म्हणाली. "जिची गाडी तिलाच विचारू. ठके, सांग बरं, तुला कुठली हवी?"

ठकीने जराही विचार न करता मोठीकडे बोट दाखवलं.

"ती? का गं?"

"ती बाबांना आवडते." मग आत्याचा चेहरा पाहून ती घाईने म्हणाली, "तुला छोटी आवडली तर छोटी घे. कुठलीपण चालेल. मी दगड लावीन."

"अगं, पण गाडी तुझी आहे. चालवायची कुणी?"

"आधी मोठे चालवतात," ठकीने समजावून सांगितलं. "माझा नंबर येतो, तेव्हा बॅटरी संपते."

आत्याचा बांध फुटला. "ऐकलंस? ऐकलंस का, काय म्हणाली ती? लाज वाटते का जरा तरी? वर्षभर पोरीच्या तोंडाला पानं पुसलीस! तिने तुझी हौस पुरवायची, तुझ्या मागे रांगायचं, आणि वर तुझ्याच आवडीची गाडी मागायची! असला कसला रे बाप तू?" बोलताना ती हात भावाच्या नाकापुढे नाचवत होती.

भाऊ खाली मान घालून उभा होता. दुकानदार खाकरला.

"मॅडम, लाल दिवा लागलाय."

"काय?"

"तुमच्या हातातला. बॅटरी गेली."

आत्याने हाताकडे पाहिलं. साबणाच्या वडीएवढा रिमोट तिच्याच मुठीत होता, आणि हिरवी गाडी चढावर अर्ध्यात उभी. ठकीचे अंगठे त्यावर टेकवले होते ते बसतात की नाही हे पाहण्यापुरते. पुढचा सगळा अर्धा तास तिने स्वतः चालवली होती. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ तिला इतके महिने दिसत होतं. इतकी लाज तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"चार्ज व्हायला किती वेळ?" शेवटी तिने विचारलं.

"तासभर."

"घरी नेऊन करू ना," भाऊ हळूच म्हणाला.

"नाही. घरी गेल्यावर काय होतं ते ऐकलंस ना आत्ता? आणि इथे काय होतं तेही पाहिलंस. लावा हो चार्जिंगला. आम्ही बसतो."

तासभर ते तिघं रिकाम्या खोक्यांवर बसले. भाऊ एकदा "ताई, माझं चुकलंच गं," म्हणाला. आत्या म्हणाली, "मला काय सांगतोस? तिला सांग." तो ठकीकडे वळला, पण ठकी वाळूत रस्ता काढत होती. आत्यालाही तिला काहीतरी सांगायचं होतं. तिलाही जमलं नाही.

बॅटरी भरली. दुकानदाराने सवयीने रिमोट भावापुढे केला, भावाने तो न घेता ठकीकडे बोट केलं. ठकीने तो घेतला, आधी बापाकडे पाहिलं, मग आत्याकडे. कुणी हात पुढे करत नाही असं दिसल्यावर तिने अंगठे टेकवले.

गाडी सुटली ती थेट ओट्याच्या कडेला धडकली. मग मागे गेली, वाळूत रुतली, निघाली, दगडावर चढून उताणी पडली. ठकी ओट्याला वळसा घालून गेली, ती सरळ केली, परत आली. पुन्हा पडली. पुन्हा गेली. आत्याला सगळं दिसत होतं. डावं चाक अडतंय, बोटभर मागे घेतली की झालं, फक्त बोटभर! तिने ओठ चावले. भाऊ शेजारी चुळबुळत होता.

सहाव्या वेळी पुढची दोन्ही चाकं दगडावर चढली आणि मागचं एक हवेत गरगरायला लागलं. गाडी तिथेच घरघरत राहिली, पडेना आणि चढेना.

"अगं, दे, मी जरा..." भावाच्या तोंडून निघून गेलंच.

ठकीने रिमोट पोटाशी घट्ट धरला. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. आजवर कुणी न ऐकलेल्या आवाजात ती ओरडली, "माझं अजून झालं नाहीये!"

भावाने हात झटकन मागे घेतला. शेजारीच आणखी एक हात पुढे आलेला होता. तो आपला आहे, हे आत्याच्या जरा उशिराने लक्षात आलं.