पाच फाऊल

"ऊठ," असं म्हणत योगिनी मॅडमनी मागे न बघताच हात नेला आणि सविताला दंडाला धरून उभं केलं. "ऋजुताच्या जागी जा. सायलीला सोडायचं नाही."

सविताने अंगातलं जॅकेट कधीच काढून ठेवलं होतं. ते मघापासून तिच्या मांडीवर घडी घालून पडलेलं होतं. बदलीची नोंद द्यायला ती टेबलाकडे निघाली आणि दोन पावलांवर थांबली.

"खेळायचं ना, मॅडम?"

"म्हणजे? ती रिंगखाली घुसली की आडवी जा. उडूच द्यायची नाही तिला. तुला हे सांगायला पाहिजे का?"

"नाही, मॅडम," सविता म्हणाली आणि गेली.

तिने तसं का विचारलं ते मॅडमना पक्कं ठाऊक होतं. सकाळी वॉर्म-अपच्या वेळी हीच पोर जवळ येऊन, बुटाच्या टोकाने सिमेंट उकरत म्हणाली होती की आज आई-बाबा येणार आहेत. सुरगाण्याकडचं कुटुंब. ऐन छाटणीच्या दिवसांत दिंडोरीजवळच्या द्राक्षबागेत कामाला आलेलं. आज रोजावर खाडा करून येणार होते. तीन वर्षांत त्यांनी लेकीची एकही मॅच पाहिली नव्हती, आणि सविता आता शेवटच्या वर्षाला होती. आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉलची ही फायनल म्हणजे तिचीही शेवटचीच मॅच.

"मग आज तुला खेळवते की," मॅडम म्हणाल्या होत्या. अगदी मनापासून म्हणाल्या होत्या. पोरीचा चेहरा असा काही फुलला की मॅडमना स्वतःचंच कौतुक वाटलं.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये टीम भरपूर पुढे होती. तेव्हा सविताला आत सोडली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं. तिने दोनदा वळून मॅडमकडे पाहिलंही. पण मॅडमना वाटलं, अजून थोडी आघाडी वाढू दे. हातचं राखून खेळणं त्यांना कधी जमलं नव्हतं. नाशिकमध्ये त्यांच्या नावाचा जो दरारा होता, तो त्यामुळेच. दुसऱ्या कॉलेजांचे कोच त्यांना समोरून नमस्कार घालत आणि पाठीमागे वाघीण म्हणत. दोन्ही त्यांना आवडत असे. यंदा ही ढाल घेतली की विद्यापीठाच्या टीमची कोच म्हणून त्यांचंच नाव जाणार, असं जिमखान्यात सगळेच बोलत होते. मग तिसरा क्वार्टर सुरू झाला. समोरच्या टीममधली सायली नावाची लांबसडक पोर अंगात आल्यासारखी खेळायला लागली आणि आघाडी बघता बघता वितळली. तिला अडवता अडवता कॅप्टन ऋजुताचे चार फाऊल झाले. आणखी एक झाला की ती मॅचमधून बाद. ऋजुता बाद म्हणजे मॅच गेली.

अशा वेळी काय करायचं हे मॅडमना झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. बाकावरची एक धिप्पाड पोर आत सोडायची. प्रत्येक खेळाडूला चार फाऊल माफ असतात, पाचव्याला बाहेर. ते पाचही त्या पोरीने सायलीवर खर्च करायचे. सायली पळताना वीज होती, पण फाऊल करून थांबवली आणि फ्री थ्रोच्या रेषेवर एकटीने नेम धरायला उभी केली की तिचा बॉल हुकायचा. मॅडमच्या प्रत्येक टीममध्ये अशी एक पोर असे. पेठची, हरसूलची, सुरगाण्याची; डोंगर चढून पाय तयार झालेली, धक्क्याला न हलणारी, आणि सांगितलेलं मुकाट ऐकणारी. "पाच फाऊल शिल्लक ठेवून घरी जाणारी पोर अर्धीच खेळली," असं मॅडम नेहमी म्हणत, आणि बाकीच्या पोरी हसत.

पहिली शिट्टी लगेचच वाजली. सायली रिंगकडे झेपावली आणि सविता भिंतीसारखी मध्ये आली. दोघी आदळल्या. सविताने तिथल्या तिथे हात सरळ वर केला.

हे मॅडमचं वळण. फाऊल झाला की खेळाडूने स्वतःहून हात वर करायचा, पंचांशी हुज्जत घालायची नाही. पूर्वी तसा नियमच होता. पुढे तो गेला, पण मॅडमनी आपल्या पोरींची सवय मोडू दिली नाही. त्यांच्या टीमची शिस्त म्हणून लोक त्याचं नाव काढत. पंच टेबलाकडे धावत गेले आणि बोटं उंचावून त्यांनी सविताचा नंबर दाखवला.

त्याच क्षणी पायऱ्यांवर एक बाई उठून उभी राहिली आणि टाळ्या वाजवू लागली.

गुडघ्याच्या जरा खाली आलेलं लुगडं, डोक्यावरून घेतलेला पदर, आणि तोंडभर हसू. शेजारी पांढऱ्या टोपीतला माणूस आणि दोन वेण्यांची एक मुलगी. मॅडमना कुणी ओळख करून द्यायची गरज नव्हती. कपाळ आणि जिवणी हुबेहूब सविताची होती.

सायलीचे दोन्ही फ्री थ्रो हुकले. मॅडमनी मूठ आवळली.

दुसरी शिट्टी. सविताचा हात वर, पंचांची बोटं वर, आणि पायऱ्यांवर पुन्हा त्या टाळ्या. या वेळी बाईने नवऱ्यालाही उठवलं. त्यांच्या मागे कॉलेजची पोरं बसली होती. त्यातला एकजण काहीतरी बोलला आणि सगळा घोळका खिदळला. मॅडमच्या तेव्हा ध्यानात आलं. सगळा खेळ थांबतो, शिट्टी वाजते, आपली लेक हात वर करते, आणि काळ्या पँटमधला साहेब धावत जाऊन तिचा नंबर सगळ्यांना दाखवतो. बाईला वाटत होतं की पोरीचा सत्कार चाललाय.

तिसऱ्या फाऊलला घोळक्यातली पोरं बाईबरोबर टाळ्या वाजवायला लागली. चौथ्याला त्यांनी ठेका धरला. "स-वि-ता! स-वि-ता!" बाई मागे वळून त्या पोरांकडे पाहून हसली. लेकीचं नाव एवढ्या शिकलेल्या पोरांच्या तोंडी! तिने त्यांना हातसुद्धा जोडले.

मॅडमच्या कानांत ते सगळं गरम तेलासारखं उतरत होतं. टाइम-आउट मागावा, सविताला बाहेर घ्यावी, निदान त्या कार्ट्यांना जाऊन दटावावं, असं सगळं एकदम मनात आलं. त्यांनी स्कोअरच्या फळ्याकडे पाहिलं. टीम एका बास्केटने पुढे होती आणि सविताचा एक फाऊल अजून शिल्लक होता. मॅडम जागच्या हलल्या नाहीत.

पाचवा फाऊल सविताने नीट केला. सायली खाली पडली. सविताने हात वर केला, सायलीला हात देऊन उठायला मदत केली, आणि बाकाकडे चालत आली. आई डोक्यावर हात नेऊन टाळ्या वाजवत होती. सविताने एकदाच तिकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मॅडमच्या समोरून जाताना ती म्हणाली, "झाले, मॅडम."

"शाब्बास," मॅडमच्या तोंडून निघून गेलं. सायली रेषेवर पुन्हा दोन्ही चुकली आणि ताज्यातवान्या ऋजुताने आत जाऊन मॅच काढली.

ढाल मिळाली, फोटो झाले. पेढ्यांचे बॉक्स फिरले. पाहुण्यांच्या भाषणात मॅडमच्या टीमच्या शिस्तीचा खास उल्लेख झाला, आणि तो ऐकताना मॅडम चपलेच्या पट्ट्याकडे बघत राहिल्या. एरवी अशा वेळी त्यांची मान अशी ताठ असायची की फोटोग्राफरला सांगावं लागत नसे. आज त्यांना लाज वाटत होती. आधी वाटलं, ती त्या हसणाऱ्या पोरांची लाज असेल. पण पोरं तर केव्हाच पार्किंगमध्ये पांगली होती आणि लाज इथेच होती.

ती माणसं भेटायला थांबणार हे त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी पंचांशी गप्पा लांबवल्या, स्कोअरशीटवर सही करताना उगाच चष्मा शोधला. ग्राउंड रिकामं झालं तरी कोपऱ्यातल्या कडुनिंबाखाली ते चौघं उभेच. शेवटी मॅडमनाच त्यांच्या अंगावरून जावं लागलं.

"ही माझी आई, कुसाबाई," सविता म्हणाली. "हे बाबा. आणि ही सृष्टी, धाकटी."

कुसाबाई वाकली ती थेट पायांशी. मॅडमनी तिला घाईघाईने वर उठवलं.

"अहो, काय हे! नका करू असं."

"आसं कसं बाई? तुमी पोरीचं सोनं केलं," कुसाबाई म्हणाली. "मला खेळातलं काय कळत नाय. पण डोळं हायेत ना? दुसरीचं नाव दोन-चारदा घेत. आमचीचं पाच डाव घेतलं. खेळ थांबवून घेतलं! आन् पाच झालं का साहेबानी तिला मानानं बसाया पाठवली. आता दमली आसंल म्हून."

मॅडमनी सविताकडे पाहिलं. सविता सृष्टीच्या वेणीची सुटलेली रिबीन बांधत होती.

"चांगली खेळली," मॅडम म्हणाल्या.

आता सविताचे वडील बहिरू पुढे झाले. त्यांनी टोपी सारखी केली. "आमाला वाटलं, ह्यो बाल त्या कड्यात टाकत्यात तो खेळ. हिनं काय टाकला नाय. पण हिचं काम येगळं आसंल."

मॅडमच्या तोंडात कुणीतरी मारल्यासारखं झालं. काहीतरी करायला हवं होतं. शेजारी जाळीतल्या पिशवीत बॉल होते. त्यांनी घाईने एक बाहेर काढला आणि सवितासमोर धरला.

"घे. दाखव बघू बाबांना. मार एक बास्केट."

"नको, मॅडम."

"अगं मार. कोणी नाहीये इथे."

"मार गो," कुसाबाईही म्हणाली.

सविताने बॉल घेतला आणि ती रिंगसमोर जाऊन उभी राहिली. तिने बॉल दोन्ही तळव्यांत, छातीशी धरला. कोपरं दोन्हीकडे फाकलेली, अंगठे वर, गुडघे ताठ. शाळेतल्या पोरींना पहिल्याच आठवड्यात ओरडून ओरडून सुधारायच्या चुका. मॅडमना आठवायला वेळ लागला नाही. रोज सकाळी बाकीच्या पोरी नेमाचा सराव करत तेव्हा सविता रिंगखाली उभी असे, चुकलेले बॉल गोळा करून त्यांना परत द्यायला. ते काम तिला मॅडमनीच दिलं होतं. ती उंच होती, सोपं पडायचं. तीन वर्षं ही पोर रोज रिंगखाली होती, आणि तिचा हात कसा आहे हे मॅडम आज पहिल्यांदा बघत होत्या.

बॉल बोर्डाच्या खालच्या कडेला लागून परत आला. सृष्टी त्याच्यामागे धावली. कुसाबाईने टाळ्या वाजवल्या.

"परत मार," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. "कोपर आत घे. उजवा हात बॉलखाली."

"राहू दे, मॅडम."

सृष्टी बॉल पोटाशी धरून धापा टाकत आली. वय तेरा-चौदा असेल, पण उंचीने आत्ताच बहिणीच्या खांद्याला लागली होती. मनगटं रुंद, पाय मजबूत. मॅडमची नजर सवयीने तिच्या खांद्यांवरून पायांपर्यंत फिरली, आणि फिरता फिरताच मॅडमनी ती चटकन दुसरीकडे वळवली.

सविताने ते पाहिलं होतं.

"ही पन खेळती साळंत," बहिरू म्हणाले. "धाव्वी झाली का हिला तुमच्याकडंच धाडतो, मॅडम. आमचं दुसरं काय मागनं नाय. थोरलीसारखीच करा हिला."

मॅडम काहीतरी बोलायला गेल्या, तेवढ्यात सविता म्हणाली, "मॅडम, हिला आधी नेम शिकवा."

ती रागाने बोलली नाही. रोज जसं बोलायची तसंच, हळू. फक्त या वेळी ती खाली बघत नव्हती.

"ताकद हिच्यातही आहे," ती पुढे म्हणाली. "पण तेवढीच बघू नका."

"काय गो?" कुसाबाईने विचारलं.

"काय नाय, आई. खेळातलं."

कडुनिंबाची चार-दोन पिवळी पानं सिमेंटवर सरकत गेली. ढाल हातात घेऊन फाटकाशी उभ्या असलेल्या पोरी मॅडमना हाका मारत होत्या. मॅडमनी सवितापाशी जाऊन तिचा उजवा हात धरला, कोपरापाशी, जसा त्या ऋजुताचा धरत.

"उद्या सकाळी ये," त्या म्हणाल्या. "तुलाही शिकवते. रोज ये. मी येईन."

सविताने हात सोडवून घेतला नाही. मॅडमनी सोडेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

"माझं झालं ना, मॅडम," ती म्हणाली.

मग तिने आईच्या खांद्यावरची पिशवी स्वतःकडे घेतली, सृष्टीच्या हातातला बॉल काढून मॅडमच्या हातात दिला, आणि दिंडोरीची बस चुकू नये म्हणून तिघांना घेऊन ती फाटकाकडे निघाली.