नाल्यापलीकडचा मंत्र

माझी नणंद दिपाली इतिहासात एम.ए. करून राह्यली. सुट्टीत घरी आली का इजिप्त देशाच्या मुडद्यांच्या गोष्टी सांगे. मी म्हणो, "बाई, जिते माणसं संपले का?"

यंदा दिवाळीनंतर कापूस वेचताना माझ्या लहानग्या उज्ज्वलाले लाल इंचू चावला. पोरगी घामानं थबथब, हातपाय गार, वरून उलट्या. शेजारच्या रामसिंगची जीप उभीच होती, पण लखीरामकाका आडवा झाला. आमच्या तांड्यात इंचू उतरवणारा तोच. लिंबाच्या डहाळीनं झाडते अन् मंत्र म्हणते. नियम असा, का मंत्र सुरू झाला का रोगी नाल्यापलीकडे न्यायचा नाही. नेला तं मंत्र तुटते. अन् दवाखाना तं नाल्यापलीकडंच.

"नाला ओलांडला तं पोरगी गेली समज," काका म्हणाला. अख्खा तांडा त्याच्याच बाजूनं. माझा नवराही खाली मान घालून उभा. माझं टाळकंच सरकलं.

"पोरगी मरून राह्यली अन् तुम्ही मले नाला सांगता?"

दिपालीनं मले मागं सारलं. "काका, इजिप्तात हजारो वर्षांआधी इंचू चावला का वैद्य मंत्रही म्हणे अन् औषधही दे. दोन्ही संगंच. दगडावर मंत्र कोरत, त्याच्यावरून पाणी सोडत अन् तेच पाणी रोग्याले पाजत. त्याईचा मंत्र पाण्यातून पोटात जाये. तुमचा जीपमधून दवाखान्यात नाही जाणार?"

काकाच्या मिशा थरथरल्या. "कोण म्हणते नाही जाणार? माझा मंत्र यवतमाळपर्यंत जाते!"

"मंग बसा ना जीपमधी समोर!"

बसला! नाला आला तसा काकाचा आवाज दुप्पट चढला. घाटंजीच्या दवाखान्यात डॉक्टरनं गोळी देली, सलाईन लावलं. काका खाटेच्या पायथ्याशी मंत्र म्हणतच होता. नर्स हटकाले आली तं दिपाली म्हणाली, "म्हणू द्या, सिस्टर. तुमचं तुम्ही करा, त्याईचं ते करतील."

दुपार कलल्यावर उज्ज्वलानं डोळे उघडले अन् मले हाक मारली. "याडी, भूक लागली."

"जितली रे माझी वाघीण!" मी दवाखान्यातच बोंब मारली. दिपालीले अशी मिठी मारली का तिचा चष्मा तुटला.

काका आता मिशीले पीळ देऊन सांगते, माझ्या मंत्रानं नाला ओलांडला. सांगू द्या! परवा तांड्यातल्या बादलच्या बायकोले इंचू चावला. तिले उचलून आम्ही जीपपाशी आणलं, तं काका आधीच समोरच्या सीटवर बसून हॉर्न वाजवून राह्यला होता.

"चला लवकर! इथं बसून मंत्र लागत नाही!"