भाऊकीचं सुतक

आमचं घर आणि वरचं घर यांच्यात बोलणं नाही, पंगत नाही, लग्नाची पत्रिका नाही. नातं उरलंय ते एकच, सुतकाचं. त्यांच्यात कुणी गेलं की आमच्या देवघरातला दिवा दहा दिवस बंद, आमच्यात गेलं की त्यांच्या. मी जुन्नरकडची. लग्न होऊन नेऱ्याच्या पुढच्या या वाडीत आले, त्याच वर्षी ऐन गौरी-गणपतीत वरच्या घरातलं कुणीतरी गेलं आणि आमच्या गौरी बसल्याच नाहीत. मी सासूबाईंना, म्हणजे चंद्राबाईंना, विचारलं, "ज्यांच्या दारात आपण पाय ठेवत नाही, त्यांचं सुतक आपल्याला कसं?" त्या म्हणाल्या, "दारात पाय न्हाई, पर रगत तर येकच हाय न्हवं." विषय तिथंच संपला. मला मात्र रागच आला होता, कारण गौरींसाठी माहेराहून हौसेनं आणलेल्या साड्या तशाच ट्रंकेत राहिल्या.

भांडण कशाचं, तर यादवीचं. ताराराणी आणि शाहू महाराज यांच्यात गादीवरून यादवी पेटली, तेव्हा मावळातली घरंच्या घरं मधोमध फाटली. आमच्या घराण्यातले दोन सख्खे भाऊ, सुभानजी आणि दमाजी. सुभानजी राणीसाहेबांकडे राहिला, दमाजी शाहूंकडे गेला आणि ओढ्याकाठच्या एकाच चकमकीत दोघंही पडले. तिथं एक वीरगळ आहे, लढून मेलेल्या माणसाच्या आठवणीचा कोरीव दगड. त्यावर घोडा आहे, तलवार आहे, नाव मात्र नाही. आम्ही सुभानजीचे वंशज, आम्ही म्हणतो तो सुभानजीचा. वरचे दमाजीचे, ते म्हणतात दमाजीचा. शिवरात्रीला दोन्ही घरांतून नैवेद्य जातो, आमचा सकाळी आणि त्यांचा आमचा उचलल्यावर. पुढं शाहू महाराजांचं राज्य झालं आणि नदीकडची चांगली जमीन दमाजीच्या लेकरांना मिळाली, हे दुखणं वेगळंच. आता त्या जमिनीवर सोसायटी आहे आणि आमच्या माळावर भाड्याच्या खोल्या. पण आमच्या घरातल्या पुरुषांचं बोलणं ऐकाल, तर ती लढाई गेल्या आठवड्यात झाली असं वाटेल.

माझे सासरे हैबतराव. सगळी वाडी त्यांना नाना म्हणते. वय ऐंशीच्या पुढं, पण मिशी अशी की हिंजवडीच्या कंपन्यांत जाणारे आमचे भाडेकरू येता-जाता तिचे फोटो काढायचे. नानांना आयुष्यात एकच हौस राहिली होती, सुभानजीचं स्मारक. रस्त्याकडेची एक पट्टी विकली आणि त्यातून वीरगळाशेजारी चौथरा बांधला, पुतळा करायला दिला. पुतळेवाल्यानं विचारलं, चेहरा कसा करू? सुभानजीचं चित्र कुणी काढलेलं नाही. मग नानांनी स्वतःचाच फोटो दिला. पुतळा आला तो हुबेहूब नाना, नुसता चष्मा नाही एवढंच. मी हसू दाबत आत पळाले.

चौथऱ्यावर घोटावड्याच्या पाथरवटानं काळा दगड बसवला होता. त्यावर कोरलं होतं : 'स्वामिनिष्ठ वीर सुभानजी. फितूर भावाशी झुंजताना येथे धारातीर्थी पडले.' हे मात्र हसण्यासारखं नव्हतं.

ते वाचून वरच्या घरातला शैलेश आमच्या अंगणात आला. एकुलता एक मुलगा, आईबाप नाहीत, बहीण सासरी. घरात तो आणि त्याची आजी सगुणाबाई. त्यानं चप्पल काढली, पण ओट्यावर चढला नाही.

"नाना, पुतळा तुमचा, जागा तुमची, माझं काही म्हणणं नाही," तो म्हणाला. "फक्त फितूर एवढा शब्द काढा. आम्हाला रोज त्याच रस्त्यानं जायचंय."

"दगडावर कोरलंय ते," नाना मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "आता पुसायचं न्हाई."

"मग वीरगळावरचा आमचा हक्क तरी मान्य करा."

"तुमचा हक्क शाऊ म्हाराजांनी दिलाय की लई. नदीची जमीन खाल्ली न्हवं?"

शैलेश नमस्कार करून गेला. मला इतका संताप आला, की मी नानांना तोंडावर म्हटलं, "दोघं मेले ते तीनशे वर्षांमागं. त्या पोरानं काय केलंय?" नाना म्हणाले, "तुला न्हाई कळायचं, तू भायेरची." लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली, पोरं नोकरीला लागली, तरी मी बाहेरचीच. त्या दिवशी मी त्यांच्या चहात साखर घातली नाही. त्यांनी मुकाट्यानं प्यायला.

पुतळ्याच्या उद्‌घाटनासाठी नानांनी फाल्गुनातली सुभानजीची तिथी धरली. मांडव पडला, फ्लेक्स लागले, आचाऱ्यानं बुंदी पाडायला घेतली. माझे मालक, माऊली, फोनवर फोन करत होते. पुतळ्यावर भगवं कापड घातलं होतं. नाना नवा फेटा पुन्हा पुन्हा हातात घेऊन बघत होते. आदल्या दिवशी दिवे लागायच्या वेळेला एकनाथ गुरव आला आणि बाहेरूनच म्हणाला, "वरच्या घरची सगुणाबाई गेली."

आचाऱ्याचा झारा तेवढा वाजत होता. माऊली माझ्याकडं बघायला लागले, मी नानांकडं.

माऊलींनी लगेच पूजेच्या भटजींना फोन लावला. भटजी मोठे सोयीचे. ते म्हणाले, सात पिढ्यांच्या पुढं सुतक राहत नाही, नुसती आंघोळ केली तरी चालतं. माऊलींच्या जिवात जीव आला. "बरं झालं," ते म्हणाले. "नाना, आंगुळ करा अन् झोपा निवांत. उद्याचं उद्घाटन ठरल्यापरमानं. पावनं निगाल्यात, आता कुणाकुणाला न्हाई म्हणू?"

नाना ओट्यावर फेटा मांडीत घेऊन बसले. इतक्या वर्षांची हौस, आणि एका तांब्याभर पाण्यात वाट मोकळी होत होती. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सासूबाई गेल्या तेव्हा शैलेशच्या बहिणीच्या, जुईलीच्या अंगाला हळद लागायची होती. त्यांनी मांडव सोडला, लग्न पुढं ढकललं. तेव्हा सगुणाबाईंनी भटजीला फोन नव्हता लावला."

"तू गप ग," माऊली म्हणाले.

"बोलू दे तिला," नाना म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "माऊली, भटजी म्हणत्यात त्यांचं आपलं नातं संपलं. व्हय?"

"व्हय."

"मग त्या दगडावर मी भाऊ कोरलाय, त्यो कुणाचा?"

माऊलींनी फोन खिशात घातला.

"परक्याला कुणी फितूर म्हणतं का? परका म्हंजी दुस्मन. फितूर म्हणायचं तर आदी आपला म्हणाया लागतंय. अन् आपला म्हणलं की सुतक आलं." नानांनी फेटा गुंडाळून माझ्या हातात दिला. "ठिव पेटीत. मांडव सोडा."

"आन् येवढी बुंदी?" माऊली रडकुंडीला आले होते.

"खोल्यातल्या पोरांना वाट. त्यांना कुटं सुतक हाय!"

आमचे भाडेकरू मग आठवडाभर नाश्त्याला बुंदी खात होते.

सगुणाबाईंच्या तिरडीला पुढून खांदा नानांनी दिला. माऊली नको नको म्हणत होते, गुडघे धड नाहीत, पण ऐकतील तर ते नाना कसले. मडकं धरून शैलेश पुढं चालत होता. त्यानं एकदा मागं वळून बघितलं आणि आपली चाल हळू केली. आमचा पुतळा तसाच कापडाखाली उभा होता. त्याच्यासमोरून प्रेत नेताना नानांनी मान खाली घातली.

पुढचे दिवस नाना घरात अस्वस्थ फिरत होते. एकदा दुपारी भाजी निवडताना माझ्याजवळ येऊन बसले. "वैनी रागातच गेली आसंल," ते म्हणाले. "तिचा जीव त्या शब्दात आडकला आसंल. दहाव्याला पिंडाला कावळा शिवायचा न्हाई, बघ तू."

"मग काय करणार?"

"म्होरं व्हयीन. हात जोडून सांगीन, वैनी, शबूद काढतो. चारचौघांत सांगीन."

मला खरंच बरं वाटलं. आणि थोडं हसूही आलं, कारण नानांना मोठेपणा करायचा तर तो चारचौघांतच. मधल्या दिवसांत मी त्यांना देवघराकडं तोंड करून पुटपुटताना ऐकलं. बोलायचं काय, त्याची तयारी चालली होती. पण तयारीमागं भीती होती हेही दिसत होतं. मेलेल्या माणसाचा राग घेऊन त्यांना जगायचं नव्हतं.

दहाव्याला आम्ही मुळा नदीच्या घाटावर गेलो. भाऊकीतले पुरुष एका ओळीत केस काढायला बसले. शैलेशच्या शेजारी नाना. न्हाव्यानं डोकं झाल्यावर विचारलं, "नाना, मिशी?" नानांनी क्षणभर डोळे मिटले आणि मान हलवली. मिशी गेल्यावर ते मला ओळखूच येईनात. चेहरा एवढासा झाला.

प्रवचन झालं. मग इकडच्या रिवाजाप्रमाणे निवडणुकीला उभं राहू पाहणाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं झाली. ज्यांना त्यांनी कधी बघितलं नव्हतं, त्या सगुणाबाईंविषयी त्यांना फार दुःख झालेलं होतं. शेवटी पिंड मांडले आणि सगळे मागं सरले. आजूबाजूला इमारती झाल्यापासून इकडं कावळे कमी झालेत. लोक तासतासभर वाट बघतात, नवस बोलतात, शेवटी दर्भाचा कावळा करून शिववतात. म्हणून सगळ्यांनी सावली धरून बसायची तयारी केली.

नाना उठले. दोन पावलं पुढं गेले. घसा खाकरला, हात जोडले, "वैनी..." म्हणाले.

आणि कावळा आला. पलीकडच्या बाभळीवरून थेट खाली, इकडं नाही तिकडं नाही, पिंडावरच बसला आणि चोच मारली.

"शिवला, शिवला!" म्हणत माणसं खुशीत उठली, हातपाय धुवायला पळाली. नाना हात जोडून तसेच उभे. त्यांचं वाक्य तोंडातच राहिलं. मी जाऊन त्यांना पायरीवर बसवलं.

"माज्याकडं तिचं मागणंच न्हवतं काय," ते म्हणाले. त्यांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण ते दुखावले होते, लहान मुलासारखे. एवढं भांडण, आणि त्या बाईच्या खिजगणतीत आपण नव्हतो, असं त्यांना झालं असावं.

शैलेश ओल्या पंच्यानं समोर येऊन उभा राहिला. "नाना, आजी तुमच्यावर रागावून नाही गेली," तो म्हणाला. "तिला वाचता येत नव्हतं. दगडावर काय लिहिलंय म्हणून रोज विचारायची. मी खरं सांगितलंच नाही."

"मग काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, नानांनी लिहिलंय, सुभानजी आणि दमाजी हे दोघे भाऊ इथे पडले." शैलेशनं खाली बघितलं. "खोटं बोललो. पण तिला लई बरं वाटलं. म्हणाली, हैबती मनानं मोठा निगाला. उद्घाटनाला मला खुर्चीवर बसवून न्या, म्हणत होती. लुगडं काढून ठेवलं होतं तिनं."

एरवी नानांच्या तोंडावरचं काही कळत नसे, पण मिशी नव्हती, त्यामुळं ओठ थरथरताना सगळ्यांना दिसला. मलाही रडू आवरेना. मी पदर डोळ्यांना लावला.

"म्हंजी ती मला माज्यापरीस चांगला समजून गेली," नाना म्हणाले. मग त्यांनी हातानं तोंड पुसलं आणि शैलेशला पायरीवर आपल्याशेजारी बसायला खूण केली. "घोटावड्याच्या त्या पाथरवटाला सांगावा धाड. दुसरा दगुड करायचा. तिनं ऐकलं तेच लिवायचं, जसंच्या तसं. काय सांगितलं हुतंस, परत येकदा सांग."

शैलेशनं परत सांगितलं. नाना ते वाक्य तोंडातल्या तोंडात पाठ करत बसले.