म्हसोबाला बोललेला बोकड

मी बोकड बोलतोय. मोरगावच्या शिवारातला, काळा, मागं वळलेल्या शिंगांचा. शाळेत एकदाच गेलो होतो, कुंडीतली रोपं खायला. शिपायानं काठी घातली, तिथंच शिक्षण संपलं. त्यामुळं गोड बोलणं मला जमत नाही आणि दुसऱ्याचं पटतही नाही. त्यातून कुणी उपकार मानायला लागलं, की मी आधी त्याच्या हाताकडं बघतो. हातात दावं आहे का, ते बघतो.

का ते सांगतो. मी करडू होतो तेव्हा माझ्या मालकाच्या, संभाजीच्या, दोन्ही किडन्या गेल्या. त्याची बायको शकुबाई. तिनं मला उचललं, कपाळाला हळद-कुंकू फासलं आणि म्हसोबापुढं बोलली, "आमचं मालक बरं झालं, की ह्यो बोकड तुझा." मला कुणी विचारलं नाही.

तेव्हापासून हुलग्याचा भुसा, बाभळीच्या शेंगा, सगळं मिळायला लागलं. माझ्या जोडीचे बाजाराला गेले, मी राहिलो. हिशोब सोपा होता. संभाजी बरा झाला, तर म्हसोबा मला खाणार. संभाजी गेला, तर मी खाटकाकडं. तो आजारी राहून जगला, तरच मी जगणार.

आणि तो तसाच जगत होता. दर दोन-तीन दिवसांनी एसटीनं बारामतीच्या दवाखान्यात जायचा, मशीनवर रक्त धुऊन घ्यायचा आणि पिळलेल्या फडक्यासारखा परत यायचा. मग बाजेवर बसून, मी बादलीत तोंड घातलं की एकटक बघायचा. मला वाटायचं, हा मटणाचा अंदाज घेतोय.

पुढं एक नवंच खूळ निघालं. दवाखान्यातल्या स्वरूपा सिस्टरनं त्याला सांगितलं, रोज ज्याचं बरं वाटलं त्याचे आभार मोठ्यानं माना. आधी तो तिच्यावरच खेकसला होता म्हणे. "आभार कशाचं? मुतायचं बंद झालं त्याचं?" पण मग मनावर घेतलं. माणसांसमोर लाज वाटायची म्हणून माझ्यासमोर बोलायचा. थांबा नसताना एसटी उभी करणाऱ्या ड्रायव्हरचे उपकार. हळू सुई टोचणाऱ्या स्वरूपाचे. शकूही बिनमिठाची भाजी खाते, तिचे. काहीच सापडलं नाही तर म्हणायचा, "आज ढेकर चांगला आला."

मी कान टवकारायचो. एवढे उपकार कशापायी? बरा तर होत नाही ना हा?

शकुबाईच्याही कानावर ते पडलं. संभाजीचा थोरला भाऊ मोहनराव, ज्याला वेशीवरून मटणाचा वास येतो, तो तिला म्हणाला, एवढी वर्षं माणूस जगला म्हणजे बराच झाला की, नवस थकवू नये. ती घाबरली. देव कोपला आणि आहे तेही गेलं तर? तिनं नवऱ्याला धरलं. "ड्रायव्हरचं मानता, सिस्टरचं मानता. ज्यानं जगवलं त्याचं न्हाय व्हय?"

रविवारी मला धुऊन हार घातला. हार मी वाटेत खाल्ला.

रीत अशी, की म्हसोबापुढं बोकडावर पाणी शिंपडायचं. त्यानं अंग झाडलं, की देवाला पसंत. आता पाणी पडल्यावर अंग कोण झाडणार नाही? पण ही शंका आजवर कुणी काढली नाही, जेवण लांबतं ना. मी ठरवलं, दगड व्हायचं.

मोहनराव पाणी आणायचं विसरला होता. सुरी विसरला नव्हता. तो संभाजीला म्हणाला, तुझ्या बाटलीतलं चार थेंब टाक.

ती छोटी बाटली म्हणजे संभाजीचं दिवसभराचं पाणी. डॉक्टरनं तेवढंच नेमून दिलेलं. जास्त झालं की अंग सुजतं, धाप लागते. ऊन रणरणत होतं. त्यानं बाटली काढली आणि तिच्याकडं एकटक बघत राहिला. ती नजर मी ओळखली. इतकी वर्षं तो माझ्याकडं नाही, माझ्या बादलीकडं बघत होता.

मग त्यानं अख्खी बाटली म्हसोबाच्या दगडावर उपडी केली.

"अरं, काय केलंस ह्ये?" मोहनराव म्हणाला.

"फेडला नवस."

"शकूनं बोकड बोललाय."

"बोकडाचं मला काय जड हाय, दादा? जड हुतं ते दिलं."

शकुबाईनं रिकामी बाटली बघितली, नवऱ्याचे फुटलेले ओठ बघितले. मोहनरावाच्या हातातलं दावं काढून घेतलं. "पोचलं त्याला. चला घरी."

मोहनराव वाटभर पुटपुटत होता, वाटलेल्या मसाल्याचं आता काय करायचं म्हणून.

घरी माझी बादली भरलेली होती. संभाजी समोर बसला, कोरडी जीभ ओठांवरून फिरवली आणि आभार सुरू केले. मला मरणाची तहान लागली होती. पण तो आत गेल्यावरच प्यालो, तेही आवाज न करता.

तेव्हापासून तसंच चाललंय. त्याच्या फेऱ्या चालूच आहेत. मी म्हातारा झालोय, दात हलतात. मोहनराव आला की अजून कोपऱ्यात सरकतो. तुम्हाला एवढंच सांगतो, आभार खुशाल माना, पण ते फेडायला दुसऱ्याच्या गळ्यात दावं घालू नका.

काल संभाजी बाजेवर बसून म्हणाला, "ह्यो काळ्या माझ्यासमोर पाणी पीत न्हाय, त्याचं उपकार."

मी लगेच त्याच्या हाताकडं बघितलं. हात रिकामे होते.