विहीणबाईंसाठी पलंग

कोंबडा आरवला की सुभद्राबाई चूल पेटवत आणि चरवी घेऊन गोठ्यात जात. धारेचा आवाज आधी चरवीच्या तळाशी टणटण वाजे, मग भांडे भरत जाई तसा मऊ होई. तोवर त्यांचे पती आसाराम उठत, भुईवरची वाकळ झाडून घडी घालत आणि मला उचलून अंगणात ठेवत. ऊन वर आले की माझ्यावर मुगाच्या शेंगा वाळत पडत. तळवाड्याच्या या शेतकरी घरात माझी प्रत्येक सकाळ अशीच उजाडे. मित्रांनो, मी या घरातली एक जुनी बाज आहे.

मी घडले तेव्हा या मुलखावर निजामाचा अंमल होता. म्हाळू सुताराने बाभळीचे चार खूर तासले, त्यांत गाते, म्हणजे चौकटीचे लाकडी दांडे, बसवले, आणि आसारामांच्या वडिलांनी अंबाडीच्या दोरीने मला विणले. धाकट्या लेकीच्या, भामाच्या, जन्मानंतर सुभद्राबाई माझ्यावरच निजल्या होत्या. माझ्याखाली निखाऱ्यांची शेगडी असे. तिची ऊब आणि ओव्याची धुरी माझ्या विणीतून वर जाई आणि मायलेकी शांत झोपत. त्या दिवसांत माझे फार कौतुक होते.

पुढे मुले मोठी झाली आणि निजायला मला कोणी घेईना; शेंगा वाळवण्यापुरती मी उरले. वीण सैल पडून तिची झोळी झाली. सांध्यांत ढेकूण शिरले. ते कोणाच्या लक्षात आले नाही, आणि भामाच्या लग्नात तिच्या सासूबाईंना, सरस्वतीबाईंना, मानाने माझ्यावरच निजवण्यात आले. सकाळी भर मांडवात त्या म्हणाल्या, "आमाला जेवायला बोलावलंय का तुमच्या ढेकनांना?" सारा मांडव हसला. आसारामांची मान खाली गेली. मला बोलता आले असते, तर मी क्षमा मागितली असती.

आता भामा गरोदर होती आणि सणाला माहेरी आली होती. पहिले बाळंतपण आईजवळ व्हावे, ही तिची मनापासूनची इच्छा. पण सासूबाईंनी निरोप धाडला होता : "मी येऊन बघते. पाव्हण्याला धड निजाय मिळत न्हाई, त्या घरात बाळंतीन ठेवायची का न्हाई, ते मग ठरवू."

तो निरोप येताच आसारामांनी गाडी जुंपली. नवा पलंग घ्यायचा आणि मला मोडीत द्यायचे, असा बेत ठरला.

"अवो, पालथी नका घालू तिला!" सुभद्राबाई घाईने म्हणाल्या. बाज पालथी घालतात ती मयताच्या घरी. म्हणून मला गाडीत चारी खुरांवर उभे केले आणि मी मोठ्या ऐटीत माजलगावच्या बाजाराला निघाले.

ती ऐट दुकानाशी संपली. राधाकिशन दुकानदाराने माझ्या सांध्यात काडी घातली, बाहेर काय आले ते पाहिले आणि हात जोडले. "आसारामजी, ही बाज न्हाई, सराय हाय. एवढी बिऱ्हाडं मी कुठं ठेवू?"

सुभद्राबाई मात्र पलंग निवडण्यात गढल्या होत्या. लाल-हिरव्या पायांचा, फळ्यांचा एक पलंग त्यांनी चारी बाजूंनी ठोकून पाहिला. "ह्योच घ्या. दोरीच न्हाई, तर ढेकूण ऱ्हाईल कुठं?"

गादीसाठी दोघे रहीम पिंजाऱ्याकडे गेले.

"हात घालून बघा भाभी, कोरा कापूस हाय. एक सरकी निघाली तर पिंजण मोडून टाकीन."

"पिंजण नका मोडू, रहीमभाई. तेवढा कापूस दाबून भरा."

परतताना गाडीत मी खाली, पलंग माझ्यावर आणि गादी त्याच्यावर. ज्याने माझी जागा घ्यायची, त्यालाच उरावर घेऊन मी सिंदफणा ओलांडली. घरी आल्यावर पलंग ओसरीवर गेला आणि मी गोठ्यात.

तिथेच भामा येऊन माझ्या गात्यावर टेकली. सासूला ती आत्याबाई म्हणे. "आई, आत्याबाई मला हितं ऱ्हाऊ देतील न्हवं?"

"कावून न्हाई देनार? पलंग तर बघू दे त्यान्ला," सुभद्राबाई म्हणाल्या, पण लेकीकडे न पाहता त्या गाईची पाठ थोपटत राहिल्या.

सरस्वतीबाई आल्या. आसारामांनी पलंगावरची चादर पुन्हा एकदा सारखी केली. "बसा, इहीणबाई."

सरस्वतीबाईंनी गादीवर हात दाबून पाहिला. "लई झ्याक हाय. पन इवाई, चातुर्मास हाय. मी आखाडापासून भुईवर निजते. घरात कुनालाच याद न्हाई?"

आसारामांनी चादरीवरचा हात मागे घेतला. आसारामांच्या आईने हेच व्रत जन्मभर पाळले होते. दर पावसाळ्यात तिचे अंथरूण याच ओसरीवर भुईला पडे. तरीही ते कोणाला आठवले नव्हते.

"ढेकनांच्या भ्यानं समदंच इसरलो बघा," सुभद्राबाई कशाबशा म्हणाल्या.

सरस्वतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि आवाज उतरवला. "म्हंजी ढेकूण चावले मला, आन् माझा बोल चावतोय तुमाला. अजून?"

मग त्या वाकल्या आणि त्यांनी पलंगाची फळी खालून वाजवली. "आन् बाळंतिनीला यावर निजवायचं? खाली शेगडी ठिवली तर फळी शेकंल, पोर न्हाई शेकायची. बाज कुठं हाय?"

भामाने गोठ्याकडे बोट केले. सरस्वतीबाई आल्या, माझी सैल वीण पाहिली, सांधे पाहिले. भामा दारातून त्यांचे तोंड निरखत होती. त्या तशाच ओसरीवर परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी कोंबडा आरवला, तेव्हा चूल आधीच पेटलेली होती. हंडाभर पाणी खळखळत होते. सरस्वतीबाईंनी मला अंगणात ओढले, विळ्याने जुनी वीण कापली आणि प्रत्येक सांध्यात कढत पाणी ओतले. मित्रांनो, मला एवढेच तर हवे होते : अधूनमधून थोडे कढत पाणी आणि सैल पडलेली दोरी ताणून घेणारा हात. घरातल्या मुक्या वस्तूंना तुम्ही एवढे द्या; त्या तुम्हाला चारचौघांत खाली पाहू देणार नाहीत.

आसारामांनी माळ्यावरून अंबाडीची नवी दोरी काढली. मुगाच्या शेंगा पलंगाच्या उघड्या फळ्यांवर पसरल्या गेल्या होत्या.

"आत्याबाई," भामा हळूच म्हणाली, "मग मी..."

"टोक धर दोरीचं. हिच्यावर तुलाच निजायचं हाय. वाकू नगं. बसून धर."

भामा बसली. तिने टोक घट्ट धरले, आणि सरस्वतीबाईंनी पहिला फेरा माझ्या एका गात्यावरून दुसऱ्या गात्यावर ताणून नेला.