धनराजची हूल

आवाज कुठून येतोय म्हणून इकडेतिकडे पाहू नका. मी पत्त्यांचा कॅट बोलतोय. बावन्न पत्ते, दोन जोकर आणि कोपरा फाटलेली एक निळी डबी, एवढाच माझा संसार.

माझं नाव ऐकलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. म्हणून आधीच सांगून टाकतो, माझ्यावर आजपर्यंत एक रुपयाही लागलेला नाही. तरीसुद्धा माझ्यापायी एका बाईचा जीव कितीदा टांगणीला लागला, ते मी जवळून पाहिलं आहे.

माझा जन्म कारखान्यातला. मी प्लास्टिकचा, त्यामुळे पाण्याला भीत नाही. नागपूरच्या एका दुकानात कॅरमच्या पावडरीशेजारी काचेच्या कपाटात मी बरेच दिवस पडून होतो. एक दिवस तांब्याची तार घ्यायला आलेला एक माणूस परत जाताना कपाटासमोर थांबला. पुढे गेला, पुन्हा मागे आला. मला खिशात घालताना त्याने आजूबाजूला असं पाहिलं, जणू मी चोरीचाच माल आहे. तो धनराज.

भद्रावतीला बस स्टँडच्या मागे धनराजचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. शेतातले पंप, कुलरच्या मोटारी त्याच्याकडे येतात. जळालेली तार काढायची आणि नवी भरायची, हे त्याचं काम. तार बोटांतून सोडताना कुठे खरचटली आहे का ते तो अंगठा फिरवून पाहतो. दिवसभर हेच केल्याने अंगठ्याला ती सवयच लागली आहे.

धनराजला पोकरचं वेड होतं. आधी तो फोनवर खेळायचा, फुकट मिळणाऱ्या चिपांवर, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्यांवर. मग फोनवरचा तो खेळ बंद पडला आणि त्याला चैन पडेना, म्हणून मी आलो. खेळ तसा सोपा आहे. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, सगळ्यांसाठी मध्ये पाच. हातात काही नसलं तरी खूप काही आहे असं भासवून समोरच्याला डाव सोडायला लावता येतं. याला हूल म्हणतात. अर्धा खेळ पत्त्यांचा आणि अर्धा तोंडाचा.

धनराजला मोठ्या खेळाडूंसमोर बसायचं होतं. गोव्यात, परदेशात खेळणारे, काळे चष्मे लावणारे, तासन्‌तास न हलणारे. त्यांचे डाव तो फोनवर पाहायचा. दुपारी गिऱ्हाईक नसलं की टेबलाभोवती चार जळक्या मोटारी मांडायचा आणि प्रत्येकीपुढे माझे दोन-दोन पत्ते ठेवायचा. एकेक मोटार म्हणजे एकेक नामांकित खेळाडू. "काय साहेब, येता का अंगावर?" असं तो एका पंपाला हळूच विचारायचा आणि एकटाच हसायचा. मला ते फार आवडायचं.

कधीकधी सुकलू यायचा. सुकलू ऑटो चालवतो, त्याला या खेळातलं धड काही येत नाही. दोघं चिंचोके लावून खेळायचे आणि बहुतेक वेळा सुकलूच जिंकायचा.

"धनराजभाऊ, तुमच्यापाशी चांगले पत्ते आले का मले समजूनच जाते," सुकलू म्हणायचा.

"कसं समजते?"

"ते नाई सांगता येत बाप्पा. पण समजते."

धनराजचा चेहरा उतरायचा. सुकलूला समजतं, तर त्या मोठ्या लोकांसमोर आपलं काय होणार?

मला कारण ठाऊक होतं. चांगले पत्ते आले की धनराजचा अंगठा माझ्या पाठीवरून सावकाश फिरायचा, तारेवरून फिरतो तसा. वाईट पत्ते आले की अंगठा गप्प. पण मी त्याला कसं सांगणार? त्याच्या बोटांचा घाम सोसत मी गप्प राहायचो.

एका दुपारी त्याची बायको रीता डबा घेऊन दुकानात आली. रीता अंगणवाडीत शिकवते. धनराज आपला डबा रोज स्वतःच घेऊन जायचा, त्या दिवशी विसरला होता. तिने टेबलावरचे चिंचोके पाहिले, मग मला पाहिलं. ती ओरडली नाही. स्टुलावर बसली आणि पाणी मागितलं.

"रीता, पैसे नाई लावत मी. आईची शपथ."

"माहा बाप बी पैल्यांदी नव्हता लावत," ती म्हणाली.

रीताचं माहेर मार्कंड्याच्या देवस्थानाजवळचं. यात्रेच्या दिवसांत तिचा बाप दुकानांच्या मागे पत्ते खेळायला बसायचा आणि लहानग्या रीताला शेजारी बसवायचा. ती पत्ते पाहत नसे, बापाचं तोंड पाहायची. आज बसने घरी जायचं की पायी, ते तिला त्याच्या तोंडावरून समजायचं. एका यात्रेत घरचे बैल डावात गेले. तेही तिला बापाच्या तोंडावरून तिथेच समजलं होतं, आणि वाटभर ती आईला काय सांगायचं याचा विचार करत चालली होती.

तिने मला उचललं, घरी आणलं आणि तांदळाच्या पिंपात खोल पुरलं.

पिंपातले दिवस मी विसरणार नाही. सकाळ-संध्याकाळ तिचा हात तांदूळ काढायला यायचा, माझ्या डबीला लागायचा आणि क्षणभर थांबायचा. आज चुलीत जाणार, असं मला रोज वाटायचं. हात वर जायचा, झाकण लागायचं आणि मी पुन्हा अंधारात.

मग सुकलू बातमी घेऊन आला. नागपूरच्या एका क्लबात पोकरची स्पर्धा होणार होती. पैसा नाही, फक्त गुण. शेवटच्या टेबलावर दोन नामवंत व्यावसायिक खेळाडू बसणार होते, आणि जो तिथवर पोचेल त्याला त्यांच्यासमोर खेळायला मिळणार होतं. धनराज घरात गप्प गप्प फिरू लागला. भाजीत मीठ नाही हेही त्याला कळेना. शेवटी त्याने रीताला सांगितलं.

पिंपाच्या आत मला सगळं ऐकू येत होतं. रीताने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"पैसे नाई लागत, पक्कं?"

"पक्कं."

"मंग मी संग येतो. जे करसान ते माह्या डोळ्यासमोर करा."

झाकण उघडलं. रीताने मला बाहेर काढलं, पदराने पुसलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. "बसा. मले शिकवा."

ती भराभर शिकली. पण तिचं लक्ष स्वतःच्या पत्त्यांवर नव्हतंच. थोड्याच डावांनंतर ती म्हणाली, "अवो, तुमचा अंगठा पाह्यला का तुम्ही कधी?"

"काऊन?"

"चांगला पत्ता आला का तो फिरून राह्यला."

धनराज आपल्या हाताकडे पाहतच राहिला. इतक्या दिवसांत मला जे सांगता आलं नव्हतं, ते या बाईने सांगून टाकलं. मला हायसं वाटलं.

स्पर्धेच्या दिवशी मी रीताच्या पर्समध्ये होतो. तिथे त्यांचे नवे कोरे पत्ते होते, माझी कुणाला गरज नव्हती. पण पर्सची चेन अर्धी उघडी होती आणि पर्स तिच्या मांडीवर होती. थंडगार हॉल, हिरवी टेबलं. धनराजच्या नव्या शर्टाची घडीसुद्धा मोडली नव्हती. एकेक टेबल ओलांडत तो पुढे गेला. मधूनच त्याचा अंगठा हलायचा, तो चटकन आवरायचा आणि इकडे रीताची बोटं पर्सवर आवळली जायची.

शेवटच्या टेबलावर त्या दोन नामवंतांपैकी एक बाई त्याच्यासमोर बसली होती. आखूड केस, पांढरा सदरा, आवाज इतका मऊ की लोक ऐकायला पुढे झुकायचे. ती धनराजच्या तोंडाकडे पाहत नव्हती. त्याच्या हातांकडे पाहत होती.

मग तो डाव आला. धनराजने आपले दोन पत्ते उचलून पाहिले. त्याचा अंगठा फिरला, सावकाश. रीताने सोडलेला श्वास मला ऐकू आला. आले, चांगले पत्ते आले. धनराजने आपल्या सगळ्या चिपा पुढे सारल्या. बाईने त्याच्या अंगठ्याकडे एकवार पाहिलं, किंचित हसली आणि स्वतःचे पत्ते सोडून दिले.

जिंकणाऱ्याने पत्ते दाखवायची गरज नसते. पण धनराजला राहवलं नाही. त्याने ते उलटे केले. चौकटची दुर्री आणि किल्वरची सत्ती. हातात काहीच नव्हतं. अंगठा त्याने मुद्दाम फिरवला होता.

हॉलमध्ये टाळ्या झाल्या. त्या बाईने उठून त्याच्याशी हात मिळवला. रीताने टाळी वाजवली नाही. ती त्याच्या अंगठ्याकडेच पाहत राहिली.

त्या आनंदातच धनराज पुढचे डाव घाईघाईत खेळला आणि बाद झाला. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. निघताना ती बाई आपला नंबर देत म्हणाली, "गोव्याला या. तुमच्यात गुण आहे. खरा खेळ तिथे." खरा खेळ म्हणजे पैशांचा, हे रीताला वेगळं सांगावं लागलं नाही.

परतीच्या बसमध्ये धनराज एकसारखा बोलत होता. वरोरा मागे पडलं तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपण एकटेच बोलतो आहोत.

"काय झालं वं?"

"आज मी बी फसली," रीता म्हणाली.

"अवं, तेच तं पाह्यजे होतं!"

"माह्या बापाचं तोंड मले समजत होतं. बैल गेले तवा बी समजलं. म्हून मी तग धरला. तुमचं समजनं आज बंद झालं."

धनराजने अंगठा मुठीत मिटून घेतला. बाहेर कोळशाचे ट्रक एकामागून एक जात होते.

नंतर मी कपाटावर पडून राहिलो. पिंपापेक्षा ते वाईट होतं, कारण दोघांनाही मी दिसत होतो आणि दोघंही माझ्याकडे पाहत नव्हते. मग एका सकाळी चहा पिताना धनराज म्हणाला, "मले गोव्याले जायाचं आहे रीता. रोज वाटते. तुह्यापासून लपवत नाई."

"मले भेव वाटते," ती म्हणाली. "मी बी लपवत नाई."

चहा थंड झाला. मग त्याने तिच्यासमोरच त्या बाईला फोन लावला आणि यंदा जमणार नाही असं सांगितलं. फोन ठेवल्यावर रीताने विचारलं, "अन् पुढल्या वर्षी?"

"पुढल्या वर्षीचं आज बोललो तं खोटं होईल."

हे उत्तर तिला आवडलं नाही. पण खोटंही वाटलं नाही. तिने कप उचलले आणि आत गेली.

आज रविवार आहे. अंगणात कडुनिंबाखाली खाट टाकली आहे. धनराजने मला कपाटावरून काढलं, पिसलं आणि विचारलं, "खेळतं का?" ती समोर येऊन बसली. तिचे दोन पत्ते तिच्यापुढे पालथे पडले आहेत. तिने अजून त्यांना हात लावलेला नाही. ती त्याच्याकडे पाहते आहे, आणि तो ओशाळून खाली पाहतो आहे.

तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला जाळा असं मी म्हणणार नाही, मलाही जीव प्यारा आहे. फक्त पत्ते वाटायच्या आधी समोर बसलेल्या माणसाला नीट पाहून घ्या. आणि धनराज, तुला माझं बोलणं ऐकू येत नाही, तरी सांगतो. ती पत्ते उचलीपर्यंत थांब. कितीही वेळ लागू दे.