ताणकाट्याची खोटी साक्ष

मित्रांनो, गोदामामागे भंगाराच्या ढिगावर पडलेला मी एक जुना ताणकाटा आहे. एक स्प्रिंग, एक आकडा आणि पितळेची पट्टी, एवढाच माझा संसार. पण एकेकाळी टेकड्या पालथ्या घालणाऱ्या शोधपथकात माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती.

पथक बराइट शोधत होते. हा पांढरा दगड दिसायला साधा, पण वजनाला भारी. त्याच्या संगतीने कधी कधी दुर्मिळ मृदा खनिजेही सापडतात, म्हणून साहेबांचा जीव त्यात अडकलेला. दगड फोडून ठरलेल्या मापाचा डबा भरायचा आणि माझ्या आकड्याला लटकवायचा. काटा अडीच किलोच्या लाल खुणेपलीकडे गेला तर बराइट, अलीकडे राहिला तर साधा दगड.

पथकातले जुने हमाल, ज्यांना सगळे काका म्हणत, हेच काम नुसत्या हाताने करीत. दगड तळहातावर दोनदा झेलायचा आणि बराइट की साधा ते सांगायचे. मागाहून मी तोलावे, तर त्यांचेच खरे निघे. मला त्यांचा हेवा वाटे. हंगाम संपला की साहेब त्यांना नोकरीत कायम करणार होते. त्यांची लेक तिथेच नमुने फोडायला बसे.

एके दुपारी साहेबांना गंमत सुचली.

"काका, सगळ्या दगडांचं वजन सांगता. आज तुमचं किती भरतं ते बघू या!"

चौघांनी काकांच्या काखेखालून दोर घातला आणि त्यांना माझ्या आकड्याला टांगले. मी जास्तीत जास्त दहा किलो पेलणारा गडी. काकांचे पाय हवेत झटके देत होते आणि सगळे पोट धरून हसत होते. काकाही हसले. नोकरी टिकवायची तर हसावेच लागते. लेक तेवढी हसली नाही. माझी स्प्रिंग त्या दिवशी जी ताणली गेली, ती पुन्हा जागेवर आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी नवा नमुना आला. काकांनी झेलला आणि म्हणाले, "साधा आहे, साहेब."

मला डबा लावला. काटा लाल खुणेपलीकडे गेला. मी ओरडून सांगू शकलो असतो, तर घसा फुटेपर्यंत ओरडलो असतो.

असे आठवडाभर चालले. "म्हातारचळ लागला," साहेब सर्वांदेखत म्हणाले, आणि काकांना काढून टाकले.

लेक रडकुंडीला आली. "बाबा, तो काटाच खोटं बोलतोय!"

"काटा कशाला खोटं बोलेल, पोरी? त्याला काय पोट आहे?" काका म्हणाले. मग आपला तळहात उलटसुलट करून बघत राहिले. "माझाच हात गेला."

मित्रांनो, माझ्या पापाला क्षमा नाही.

पुढे प्रयोगशाळेचा निकाल आला. पाठवलेली सगळी पोती साध्या दगडांची निघाली. साहेबांनी वरच्या कचेरीला काय लिहून कळवावे? "काढून टाकलेल्या हमालाने रागाच्या भरात पोती बदलली." त्यानंतर काकांना कोणत्याच पथकाने दारात उभे केले नाही.

पथक उठले आणि मी गोदामात आलो. गोदामवाल्याने मला खिळ्याला अडकवले आणि एका नजरेत ओळखले. "अरे, हा तर रिकामाच एक किलो दाखवतोय!" तो हसला आणि मला भंगारात फेकले. काकांची हकीकत त्याने ऐकली होती, आणि ते तिथून दोन गल्ल्या पलीकडे राहतात, हेही त्याला ठाऊक होते. पण सांगायला जाईल कोण?

मित्रांनो, तोलण्याआधी काटा शून्यावर आहे का ते बघत जा, आणि गंमत म्हणून माणसाला टांगू नका. आणि तुमच्यापैकी कोणी त्या गल्लीतून गेलेच, तर दारात बसलेल्या म्हाताऱ्याला माझा एवढा निरोप सांगा: काका, तुमचा हात बरोबर होता.